लक्झेंबर्ग खरवडून झालं, पुढे काय?

ताई, नमस्कार.

मी मूळची कोथरूडची. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या कंपनीने त्याला चाकणहून श्टुटगार्टला पाठवलं आणि मी पुण्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले. अजून साधारण वर्षभर इथे आहोत. नवऱ्याने फ्रिजवर युरोपचा नकाशा लावलाय. जो देश पाहून झाला तो नाण्याने खरवडायचा, की खालून रंग दिसतो. तेरा देश खरवडून झालेत. शुक्रवारी तो ऑफिसला जातानाच सॅक भरून नेतो. रात्रीच्या बसने कुठेतरी पोचायचं, दोन दिवस पळायचं, रविवारी मध्यरात्री घरी. लक्झेंबर्गमध्ये आम्ही चार तास होतो. व्हॅटिकन वेगळा देश धरायचा की नाही, यावरून रोममध्ये भर रस्त्यात भांडलो. परतीच्या बसमधून तो बाबांना फोन लावतो आणि काय काय पाहिलं ते क्रमाने सांगत बसतो. मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेते.

पुण्यात कुणापाशी बोलायची सोय नाही. मैत्रिणी म्हणतात, मजा आहे बाई तुझी. सासूबाई म्हणतात, हिंडायला रजा मिळते, घरी यायला तेवढी मिळत नाही. वर्षाला तीस रजा आहेत, त्यातल्या पुण्याला किती आणि फिरायला किती, हा आमचा कायमचा वाद. आता ईस्टरच्या चार दिवसांत व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट असा बेत आहे. व्हिएन्नाची तिकिटं काढून झालीत. सरळ नाही म्हणू का? की मीच कृतघ्न आहे?

– एक पुणेकरीण, सध्या श्टुटगार्ट

*

प्रिय पुणेकरणी,

तुझ्या पत्रात नकाशा आहे, लक्झेंबर्ग आहे, सासूबाई आहेत. मी अडले ती मात्र परतीच्या बसमधल्या फोनपाशी. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस. मला वाटतं, भांडणाचं मूळ तिथेच आहे.

सासऱ्यांबद्दल तू एवढी एकच ओळ लिहिलीस, म्हणून बाकीचा अंदाज करते. निवृत्त असावेत. नोकरीत असताना चार वर्षांतून एकदा एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास-सवलत, त्यात एकदा म्हैसूर-उटी झालं आणि काश्मीर दोनदा ठरून राहिलं. आता संध्याकाळी बागेतल्या बाकावर मित्रांना मोबाइलवर फोटो दाखवत असणार. सारसबागेपासून कमला नेहरू पार्कपर्यंत असे बाक मी भरपूर पाहिलेत. “मागच्या आठवड्यात व्हेनिसला होता. आता प्राग.” नवरा देश गोळा करतोय असं तुला दिसतं. तो दर रविवारी वडिलांच्या हातात एक गाव ठेवतोय, असं मला दिसतं. अंदाज चुकला असेल तर सोडून दे. पण बरोबर असेल, तर “कसली हाव आहे तुला” असं तू म्हटल्यावर (म्हटलं असशीलच) तो एवढा का दुखावला जातो, ते ध्यानात येईल.

म्हणून त्याचं सगळं बरोबर ठरतं असं नाही. पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘बारा दिवसांत नऊ देश’ छापाच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षं बघतोय. आपण हसतो, पण त्यांचं गणित चोख असतं. ज्याला आयुष्यात एकदाच शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) काढायचाय आणि ज्याचे बरेचसे पैसे विमानातच जाणार आहेत, त्याने जमेल तेवढं पदरात पाडून घ्यावं, यात काही गैर नाही. तुमच्या पाकिटात मात्र जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे. त्या कार्डावर शेंगेनमधल्या इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. २०२५च्या जानेवारीत बल्गेरिया आणि रोमानिया पुरते आत आल्यापासून शेंगेनमध्ये २९ देश आहेत. (इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत. नवऱ्याच्या यादीत ते असतील तर व्हिसाचं आधीच बघा, ऐनवेळी फजिती नको.) म्हणजे एकदाच आलेल्या पाहुण्याचं गणित तो तिथे राहणाऱ्या माणसाला लावतोय. तुम्ही तीनशे किलोमीटर लांब पळत जाऊन लक्झेंबर्ग पाहिलं आणि घरापासून तासाभरावरचा डोंगर पाहिला नाही, असं तर नाही ना झालेलं? झालं असेल, अशी माझी खात्री आहे.

आता तुझ्याकडे येते. सोमवार ते शुक्रवार तू काय करतेस, याबद्दल पत्रात अक्षर नाही. नवऱ्याचं तिथलं आयुष्य ऑफिसात चालू आहे. तो कॅन्टीनमध्ये चार जणांबरोबर जेवतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खातो. (तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. एव्हाना त्याने एकदा तरी आणला असेल.) त्याच्यासाठी शनिवार-रविवार ही वरकमाई. तुझ्यासाठी मात्र ते पाच दिवस वाट बघून हाती आलेले दोनच दिवस, आणि तेही दुसऱ्याने आखलेले. समोर कितीही देखणं गाव असलं तरी चिडचिड होणारच. यात कृतघ्नपणा कुठे आला?

म्हणून माझं पहिलं सांगणं शनिवारबद्दल नाही, बुधवारबद्दल आहे. जर्मनीत गावोगावी फोल्क्सहोखशूल असतात, मोठ्यांसाठीच्या शाळाच म्हण ना. श्टुटगार्टची रोटेब्यूलप्लाट्झला आहे. भाषेपासून स्वयंपाकापर्यंत तऱ्हेतऱ्हेचे वर्ग चालतात आणि फी आवाक्यातली असते. माइलेंडर प्लाट्झवर २०११ साली उघडलेलं ते पांढरं चौकोनी ग्रंथालय आहे, त्याच्या गच्चीवरून अख्खं शहर दिसतं. उन्हाळ्यात शहरात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरतो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. (पुणं सोडून मुंबई का, हा आपल्याला पडणारा प्रश्न तिथल्या नगरपालिकेलाच विचार.) नवऱ्यामागे गेलेल्या बायकोच्या कार्डावरही नोकरीची परवानगी असते. वर्षभरासाठी कोण घेणार, असं म्हणशील. विचारून तर बघ. पण नोकरी मिळो न मिळो, आठवड्यात असे दोन दिवस हवेत ज्यांच्याबद्दल रात्री जेवताना तूच नवऱ्याला काहीतरी सांगशील. ते झालं की शनिवारवरचा भार आपोआप कमी होईल. हे झाल्याशिवाय तू फिरणं बंद केलंस, तर घरात दोन मोकळे दिवस आणि तेच भांडण, एवढंच हाती लागेल.

फिरण्याबद्दल म्हणशील, तर एक जागा तुमची करा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्या माणसाला जाऊन विचार, “काका, पर्वती कव्हर झाली का?” काय उत्तर मिळेल ते तू कोथरूडची असल्याने सांगायला नको. दर शनिवारी पहाटे सिंहगड चढणारे काही बघायला जात नाहीत. तुम्हा दोघांना जर्मनीत तशी जागा नाही, म्हणून दीड वर्षानंतरही तुम्ही तिथे पाहुणेच आहात.

माझ्या मनात आहे ते बाड उराख नावाचं गाव. डॉइचलांडटिकट तुमच्याकडे असेलच. २०२३ साली ४९ युरोंना सुरू झालं, आता महिन्याला ६३ झालंय, तरी लोकल आणि प्रादेशिक गाड्यांनी देशभर हिंडायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मेट्झिंगेनला गाडी बदलायची. ते स्टेशन तुला पाठ असेल, कारण तिथल्या आउटलेटमध्ये पिशव्या भरल्या नाहीत असं श्टुटगार्टचं मराठी कुटुंब अजून माझ्या पाहण्यात नाही. या वेळी स्टेशनाबाहेर पडायचं नाही. पुढची छोटी गाडी एर्म्स नदीच्या खोऱ्यात शिरते आणि गावाच्या जरा अलीकडे धबधब्याच्याच नावाचं स्टेशन लागतं. तिथून जंगलातल्या वाटेने चालत जायचं. धबधबा ३७ मीटरचा. जुलैत ताम्हिणी घाटातून गेलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक, पण तो बारा महिने वाहतो आणि थंडी कडक पडली की त्यावर बर्फाचे झुंबर लटकतात. खरी मजा त्याच्या वरच्या बाजूला आहे. तिथे होहेनउराख नावाचा पडका किल्ला आहे. दरवाजे, तटबंदी, ढासळलेल्या भिंती आणि खाली लाल कौलांचं गाव. वाटेवरच्या खुणा श्वेबिशर आल्बफेराइन ही १८८८ सालची संस्था रंगवते, त्यामुळे चुकायची भीती नाही. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मात्र वर मिळणार नाही, डबा न्यायचा.

तिथे मे महिन्यात जा, ऑक्टोबरात पानं पिवळी झाल्यावर जा, बर्फात जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नवरा फोटो काढायचं विसरेल. आणि परतीच्या गाडीतून सासऱ्यांना फोन लागला, की या वेळी तूच घे. त्यांना सांग, अख्ख्या ब्लॅक फॉरेस्टमधलं सगळ्यात उंच शिखर फेल्डबर्ग, तेही १४९३ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईहून बुटकं. बाकावर ही बातमी प्रागच्या फोटोंपेक्षा जास्त चालेल, लिहून ठेव.

परदेशच हवा असेल तर तोही जवळ आहे. याच तिकिटावर सीमेवरच्या केल गावापर्यंत जाता येतं. ऱ्हाइनवरचा पादचारी पूल चालत ओलांडलात की पलीकडे फ्रान्स, आणि ट्रामने थेट स्ट्रासबुर्ग शहरात. सकाळी उशिरा निघून रात्री जेवायला घरी. फ्रान्स आधीच खरवडून झालेला असेल, म्हणून नवरा कुरकुर करेल. करू दे.

महिन्यातला एक रविवार घरात काढा. दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, इमारतीत चिडीचूप. दुपारी एक ते चार दारं लावून घेणाऱ्या गावातून गेलेल्या माणसांनी त्याबद्दल तक्रार करू नये.

रजांच्या वादात माझं मत तुम्हा दोघांनाही आवडेल असं नाही. पाच दिवसांच्या आठवड्याला तिथल्या कायद्याने किमान २० रजा मिळतात, तुमच्या ३० आहेत. त्यातल्या पंधरा पुण्याला द्या. सलग तीन आठवडे. साहेब काय म्हणेल ही धास्ती सोडा. निदान दोन आठवड्यांची सलग सुट्टी मिळावी, हे तिथल्या कायद्यातच आहे. मात्र हे तीन आठवडे विश्रांतीच्या खात्यात धरू नका. कोथरूड, सिंहगड रोड, चिंचवड अशा फेऱ्या, प्रत्येक घरी पोहे नाहीतर पुरणपोळी, आणि “बारीक झालीस गं” हे दहा ठिकाणी ऐकणं, याला सुट्टी म्हणत नाहीत. गणपती किंवा दिवाळी, दोन्हींतलं एक निवडा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सासूबाईंना तारीख सांगून टाका. त्यांचा टोमणा रजेवरचा नाहीच, तुम्ही कधी येणार हे त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही, त्याचा आहे. आणि त्या तीन आठवड्यांतले तीन-चार दिवस चारही आई-वडिलांना गाडीत घालून दिवेआगरला नाहीतर हरिहरेश्वरला जा. तिथे कुणी पाहुणे येत नाहीत.

उरलेल्या पंधरांत दहा दिवसांची एकच मोठी सहल, तीही एकाच देशात. देश नवऱ्याला निवडू दे, मुक्काम किती ठिकाणी करायचा ते तू ठरव. बाकीच्या रजा सुट्ट्यांना जोडून वापरा. तुमच्या राज्यात वर्षाला १२ सार्वजनिक सुट्ट्या आहेत, बायर्न (बव्हेरिया) सोडलं तर जर्मनीत एवढ्या कुठे क्वचितच. त्यातल्या मे-जूनच्या सुमाराच्या दोन नेहमी गुरुवारी येतात. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. हे तुझ्या नवऱ्याला नक्की माहीत असेल, त्याच्या एक्सेलमध्ये रंगवलेलंही असेल.

आता मुख्य काम. सासू-सासऱ्यांना तिकडे बोलवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. एप्रिल-मेचं नाव काढू नका, आंबे सोडून पुणेकर आई-वडील विमानात बसत नाहीत. सप्टेंबर बरा. ऊन असतं, थंडी अजून दूर असते. आल्यावर त्यांना सात देश दाखवायचा घाट घालू नका. पॅरिस एक पुरे, श्टुटगार्टहून थेट गाडीने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. बाकीचे दिवस बाबांना किलेसबर्ग पार्कमधला बाक, आईंना शनिवारची भाजीबाजारातली चक्कर, आणि एकदा सगळ्यांनी मिळून उराख. सासरे महिनाभर स्वतः राहून गेले, की दर रविवारच्या अहवालाची गरज उरणार नाही. नवराही जरा सैलावेल, असा माझा होरा आहे. तुझे आई-बाबाही आहेतच, त्यांचं वेळापत्रक वेगळं कर. चौघांना एकदम दोन खोल्यांच्या घरात बोलावण्याचं धाडस करू नकोस.

हे सगळं नवऱ्याशी बोलायचं कधी? रविवारी रात्री नको, बसमध्ये तर नकोच. मधल्या वारी, जेवण झाल्यावर, दोघं चालायला बाहेर पडाल तेव्हा. “मला फिरायला आवडत नाही” म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि उद्या तूच कुठे जायचं म्हटलंस तर तो हेच वाक्य परत करेल. बाबांच्या फोनबद्दल आधी विचार, नकाशाबद्दल नंतर. आणि एक गोष्ट स्पष्ट सांग, की सगळं दोघांनी मिळूनच करायला हवं असं नाही. पुण्यात तो मित्रांबरोबर रायगडला जात असेल, तेव्हा तू बरोबर असायचीसच का? ऑफिसातल्या कुणाबरोबर त्याला एखादा देश खरवडून येऊ दे. सासूबाईंना ते विचित्र वाटेल, आईलाही वाटेल. दोन-तीनदा झालं की सवय होईल.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही बोलत नाही.

राहता राहिला ईस्टर. नाही म्हणू नकोस. तिकिटं काढली आहेत, आणि नकाराने सुरुवात केलीस तर वरचं सगळं बोलणं त्या नकारातच बुडेल. चारही दिवस मुक्काम व्हिएन्नात ठेवा. ब्रातिस्लाव्हा तिथून गाडीने तासाभरावर आहे. शनिवारी नवऱ्याला एकट्याला सोड, जेवायच्या वेळेपर्यंत परत येईल आणि चौदावा देश खरवडला जाईल. तू तोवर एखाद्या जुन्या कॉफीहाउसात बस. एका कपावर दोन तास बसलीस तरी तिथे कुणी उठ म्हणत नाही. बुडापेस्ट वगळा. त्या शहराला एक दिवस देणं हा त्याचा अपमान आहे, पुढे ती दहा दिवसांची सहल हंगेरीत करायची ठरली तर जास्त बरं.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, जर्मनीत परत शिरताना गाडीत तपासणी होऊ शकते. आणि गुड फ्रायडे व ईस्टर मंडे दोन्ही दिवस तुमच्याकडे दुकानं बंद असतात. सोमवारी रात्री घरी याल तेव्हा काही मिळणार नाही, तेव्हा टिकाऊ दूध आणि ब्रेड गुरुवारीच आणून ठेव.

– तुझी ताई